रक्ताच्या रिपोर्टमधले शब्द आणि आपलं रोजचं ताट

मुठाकाठची

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दर वर्षी हेल्थ कॅम्प होतो आणि नंतर आठवडाभर ग्रुपवर रिपोर्टच्या पीडीएफ फिरत असतात. जाड अक्षरात आलेला आकडा दिसला की घराघरात पहिलं काय होतं तर काहीतरी बंद होतं. ट्रायग्लिसराइड वाढले, तूप बंद. शुगर वाढली, भात बंद. युरिक अ‍ॅसिड वाढलं, डाळी बंद. मी बायोकेमिस्ट्री शिकवते आणि हे बघून मला खरंच अस्वस्थ व्हायला होतं, म्हणून हा धागा.

मुद्दा एकच आहे. रक्तात जे मोजलं जातं ते आपण खाल्लेलं जसंच्या तसं नसतं. मधे यकृत आहे, स्नायू आहेत, चरबीच्या पेशी आहेत, ते सगळे मिळून आलेलं अन्न तोडतात, बदलतात, साठवतात आणि हवं तेव्हा नवीन पदार्थ स्वतः तयार करतात. त्यामुळे अमुक वाढलं म्हणजे अमुक जास्त खाल्लं असा सरळ हिशोब बऱ्याचदा लागत नाही.

ट्रायग्लिसराइडच घ्या. ग्लिसरॉल हा तीन कार्बनचा छोटासा रेणू, त्याला फॅटी अ‍ॅसिडच्या तीन लांब साखळ्या जोडल्या की झालं ट्रायग्लिसराइड. घाण्याचं शेंगदाणा तेल, साजूक तूप, आपल्या पोटावरची चरबी, सगळं मुख्यतः हेच, फरक फक्त साखळ्या कुठल्या आहेत याचा. जेवणातलं तेलतूप पचून रक्तात येतं ते काही तासात वापरलं किंवा साठवलं जातं. म्हणजे बारा तास उपाशी राहून सकाळी रक्त दिलं तर त्यात जे ट्रायग्लिसराइड सापडतं ते कालच्या फोडणीचं नसतं, ते बहुतेक यकृताने बनवून बाहेर पाठवलेलं असतं. यकृत ते बनवतं चरबीच्या पेशींकडून आलेल्या फॅटी अ‍ॅसिडपासून, आणि गरजेपेक्षा जास्त साखर, मैदा, भात पोटात जात असेल तर त्या ग्लुकोजपासूनसुद्धा. दारू असेल तर अजूनच वाढतं. १५० च्या आत असावं असं रिपोर्टवर लिहिलेलं असतं, ते उपाशीपोटीच्या आकड्यासाठी.

ज्यांना रिपोर्टमधला कुठला शब्द कळत नाही त्यांनी इथे विचारा, ज्यांना माहितीये त्यांनी सांगा.

पर्वती_पायथा

ताई अगदी वेळेवर धागा काढलात. माझ्या सासऱ्यांचे ट्रायग्लिसराइड २८० आले, तेव्हापासून घरात तेलाचा थेंब मोजून टाकतोय, पोळीला तूप नाही, आणि परत तपासलं तर जवळपास तेवढेच. वय ६८, जाड अजिबात नाहीत, फक्त थोडं पोट आहे. उपास मात्र खूप करतात, संकष्टी, एकादशी, गुरुवार, म्हणजे महिन्यातले बरेच दिवस साबुदाणा खिचडी, बटाट्याचा कीस, रताळी, केळं, आणि रोज रात्री दूध-साखर. याचा काही संबंध असेल का?

मुठाकाठची

@पर्वती_पायथा, खूप असू शकतो. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदातला जवळजवळ निव्वळ स्टार्च. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या वर कार्बोहायड्रेट असतं आणि प्रोटीन एक ग्रॅमसुद्धा नसतं. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या साखळ्या, त्या पचल्या की ग्लुकोजच. ते ग्लुकोज साठवायला शरीरात जागा किती आहे तर ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये ४०० ग्रॅमच्या आसपास. स्नायू कमी आणि हालचाल कमी असेल तर ही जागा आधीच भरलेली असते, मग वरचं ग्लुकोज जाणार कुठे, यकृत त्याची फॅटी अ‍ॅसिड बनवतं आणि ट्रायग्लिसराइड करून रक्तात सोडतं. म्हणजे तेल बंद करूनही आकडा हलला नाही यात नवल काहीच नाही.

उपास सोडा असं मी सांगणार नाही, श्रद्धेचा विषय आहे. पण उपासाला राजगिरा चालतो, त्यात १३-१४ टक्के प्रोटीन आहे. शेंगदाण्यात तर २५ टक्क्यांच्या आसपास. वरीचा भात आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही, ताक असं केलं आणि साबुदाणा कधीतरी ठेवला तर उपासही होईल. दुधातली साखर आधी काढा. आणि जेवणानंतर चालायला लावा, स्नायू ग्लुकोज ओढून घेतात.

डेक्कन_जिमखाना

धागा चांगला आहे पण एक महत्त्वाची गोष्ट जोडतो, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. २८० ला वर सांगितलंय ते बरोबर आहे. पण ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर असेल, त्यातून हजाराकडे गेलं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो आणि तेव्हा जेवणातलं तेलतूपसुद्धा खरोखर कमी करावं लागतं, औषधं लागतात. अशा वेळी नेटवर वाचून तूप चालू ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. थायरॉइड कमी असेल, शुगर कंट्रोलमध्ये नसेल, काही गोळ्या चालू असतील तरी हा आकडा वाढतो, म्हणून सासरेबुवांची टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) झाली नसेल तर डॉक्टरांना विचारून करून घ्या.

मुठाकाठची

@डेक्कन_जिमखाना, हे लिहिलंत ते फार बरं झालं. सगळ्यांनी वाचा.

खपली_गहू

आमच्याकडे सगळ्यांनी साखर बंद करून गूळ सुरू केलाय. सेंद्रिय, केमिकलविरहित. गुळाने शुगर वाढत नाही, नैसर्गिक असतो, त्यात लोह असतं. आजी-पणजी गूळच खायच्या, त्यांना कुठे होता डायबेटिस?

सायन्स_रिटायर्ड

@खपली_गहू, गूळ मलाही आवडतो पण शुगर वाढत नाही हे खरं नाही. गुळात बहुतांश सुक्रोजच असतं, तेच जे साखरेत असतं. सुक्रोज म्हणजे एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज जोडलेलं, आतड्यातलं सुक्रेज नावाचं एन्झाइम ते तोडतं आणि त्या एन्झाइमला तो रेणू पांढऱ्या पिशवीतून आला की कोल्हापूरच्या ढेपेतून हे समजत नाही. गुळात थोडी खनिजं असतात हे मान्य, पण लोहासाठी गूळ खायचा तर मग साखरही तेवढीच पोटात जाणार. आज्या-पणज्यांचं म्हणाल तर त्या विहिरीचं पाणी शेंदायच्या, जात्यावर दळायच्या, ते ग्लुकोज स्नायूंमध्ये जळून जायचं.

खपली_गहू

बरं, पण चहात गूळ घातल्यावर माझी जेवणानंतरची शुगर साखरेपेक्षा कमी येते, मशीनवर बघितलंय.

सायन्स_रिटायर्ड

चमच्यात बसणारा गूळ वजनाने किती आणि साखर किती हे स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून बघा. सारख्या वजनाची तुलना केली, त्याच वेळी, तेच जेवण जेवून, तरच अर्थ आहे. आणि घरच्या ग्लुकोमीटरवर लागोपाठ दोनदा मोजलं तरी आकडे थोडे मागेपुढे येतात.

औंध_ते_स्वारगेट

माझा साधा प्रश्न. फास्टिंग ९८ येते, नॉर्मल. एचबीएवनसी ६.१ आलं, डॉक्टर म्हणाले प्रीडायबेटिक. एकाच रक्तातले दोन आकडे वेगळं कसं काय बोलतात? वय ३९, स्त्री, हिमोग्लोबिन ९.४.

डेक्कन_जिमखाना

@औंध_ते_स्वारगेट, फास्टिंग म्हणजे त्या सकाळच्या त्या क्षणाचं ग्लुकोज. एचबीएवनसी वेगळी चीज आहे. रक्तातलं ग्लुकोज तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला आपोआप चिकटतं, त्याला एन्झाइमसुद्धा लागत नाही, आणि एकदा पक्कं चिकटलं की पेशी मरेपर्यंत सुटत नाही. तांबडी पेशी जगते साधारण १२० दिवस. म्हणून किती टक्के हिमोग्लोबिनला ग्लुकोज चिकटलंय हे मोजलं की मागच्या दोन-तीन महिन्यांचा सरासरी अंदाज येतो, त्यात जेवणानंतरचे चढही येतात जे फास्टिंगमध्ये दिसतच नाहीत. ५.७ ते ६.४ प्रीडायबेटिस, ६.५ आणि वर डायबेटिस.

पण तुमचं हिमोग्लोबिन ९.४ आहे हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. लोहाच्या कमतरतेने अ‍ॅनिमिया असेल तर एचबीएवनसी खोटं थोडं जास्त येऊ शकतं. उलट रक्तस्राव झालेला असेल किंवा पेशी लवकर फुटत असतील तर खोटं कमी येतं कारण पेशी तरुण असतात, त्यांना ग्लुकोज चिकटायला वेळच मिळालेला नसतो. तेव्हा फेरिटिन (शरीरात लोहाचा साठा किती आहे ते सांगणारी टेस्ट) तपासा, लोह भरून काढा, डॉक्टरांशी बोलून ग्लुकोज पाजून दोन तासांनी करतात ती टेस्ट करा, मग ठरवा. डायबेटिस नाहीच असं मी म्हणत नाहीये, पण हा एकटा आकडा धरून बसू नका.

पोहे_लिंबू_चहा

लोहाचं निघालंच आहे तर मला इथे मनापासून लिहायचंय. मी आहारतज्ज्ञ आहे, माझ्याकडे येणाऱ्या बायकांमध्ये थकवा, केस गळणं, जिना चढताना धाप आणि हिमोग्लोबिन आठ-नऊ हे इतकं नेहमीचं झालंय की त्यांना ते दुखणं वाटतच नाही. पालक खाते, बीट खाते, खजूर खाते, तरी वाढत नाही म्हणतात. कारण खाल्लेलं लोह आणि शोषलेलं लोह या वेगळ्या गोष्टी आहेत. मटण-मासे यातलं हीम लोह बऱ्यापैकी शोषलं जातं. डाळी, पालेभाज्या, बाजरी यातलं लोह दुसऱ्या रूपात असतं, ते आतड्यात विरघळलेलं राहिलं तरच आत जातं आणि थोडंच जातं. क जीवनसत्त्व त्याला मदत करतं, लोहाला शोषता येईल अशा रूपात आणतं. म्हणून पोह्यांवर लिंबू पिळायची आपली पद्धत अगदी योग्य आहे. आणि लगेच वर चहा पिण्याची पद्धत तितकीच वाईट, कारण चहातले पॉलिफेनॉल त्या लोहाला बांधून ठेवतात आणि ते तसंच बाहेर जातं. चहा सोडायला मी कुणालाच सांगत नाही, पुण्यात ते कोण ऐकणार, फक्त जेवण किंवा नाश्ता आणि चहा यात तासभर अंतर ठेवा.

दुसरं म्हणजे फायटेट. धान्यात, डाळीत बियाणं फॉस्फरस फायटेटच्या रूपात साठवतं आणि ते फायटेट लोह आणि झिंक दोन्ही अडवतं. मटकीला मोड आणले की बियाण्यातलंच फायटेज एन्झाइम जागं होतं आणि फायटेट तुटायला लागतं. मोडाच्या उसळीवर खायच्या वेळी लिंबू पिळलं की अजून चांगलं. इडली-आंबोळीचं पीठ आंबवतो तिथेही फायटेट कमी होतं. पण हिमोग्लोबिन ९.४ असेल तर फक्त जेवणाने लवकर भरून येणार नाही, गोळी लागेल, आणि पाळीचा रक्तस्राव जास्त आहे का हेही बघावं लागेल.

औंध_ते_स्वारगेट

दोघांचे खूप आभार. फेरिटिन उद्याच करते. पाळीचं तर आहेच, कुणी कधी विचारलंच नव्हतं.

तळजाई_रनर

जिममध्ये व्हे प्रोटीन आणि क्रिएटिन घेतो, रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन १.३५ आलं. घरचे म्हणतात किडनी गेली. वय २७, काय समजायचं?

मुठाकाठची

@तळजाई_रनर, स्नायूंमध्ये क्रिएटिन फॉस्फेट असतं, जोर लावला की पहिल्या काही सेकंदात त्यातूनच एटीपी, म्हणजे पेशीचं रोजचं इंधन, भरून निघतं. हे क्रिएटिन फॉस्फेट १९२७ मध्ये हार्वर्डमध्ये सायरस फिस्के आणि आपल्या आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी शोधलं, आणि दोनच वर्षांनी त्याच दोघांनी स्नायूंमधून एटीपीही वेगळं काढलं. फॉस्फरस मोजायची त्यांची फिस्के-सुब्बाराव पद्धत माझ्या पिढीने कॉलेजच्या प्रॅक्टिकलला केलेली आहे, निळा रंग यायची वाट बघत. इतका मोठा माणूस आणि आपल्याकडच्या मुलांना नाव माहीत नसतं याचं मला दर वर्षी वर्गात वाईट वाटतं.

तर त्या क्रिएटिनचा थोडा भाग रोज आपोआप क्रिएटिनिन होतो आणि किडनी ते बाहेर टाकते. म्हणजे आकडा वाढायची कारणं दोन, किडनी कमी टाकतेय किंवा शरीर जास्त बनवतंय. स्नायू भरपूर आहेत आणि वरून क्रिएटिन घेताय तर दुसरं कारण असू शकतं. पण असेलच असं धरून चालू नका, थोडे आठवडे क्रिएटिन थांबवून डॉक्टरांच्या सल्ल्याने परत तपासा, लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रोटीन) बघा, आणि सिस्टॅटिन सी म्हणून किडनीचीच टेस्ट आहे ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते.

व्हेचं बोलायचं तर प्रोटीन म्हणजे २० प्रकारच्या अमिनो अ‍ॅसिडच्या साखळ्या, त्यातली ९ शरीर बनवू शकत नाही, ती खाऊनच मिळतात. तांदूळ-ज्वारीत लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी, म्हणून वरण-भात एकत्र खाल्लं की एकाची कमी दुसरं भरतं. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीत मोठ्या माणसाला रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन सांगितलंय, व्यायाम करणाऱ्याला जास्त लागतं. पण ग्लायकोजेनसारखी प्रोटीनची साठवण शरीरात नसते, जास्तीच्या अमिनो अ‍ॅसिडमधला नायट्रोजन यकृत युरियात बदलतं आणि तो लघवीतून जातो. दोन-दोन स्कूप ढोसण्यात अर्थ नाही.

पर्वती_पायथा

मला अजून एक सांगा, सासरे जाड नाहीत हे मी वर लिहिलं होतं. वजन ५८, उंचीला अगदी योग्य. मग यांना कसं काय झालं हे?

केईएम_रास्ता_पेठ_जवळ

@पर्वती_पायथा, याचं उत्तर पुण्यातच सापडलंय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३, तंतोतंत सारखा. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर दोघे सारखेच, आतून एवढा फरक. आणि हे जन्मापासूनच असतं, १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांमध्ये त्यांनी गरोदर बायकांचा आणि बाळांचा अभ्यास केला, तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची ३.५ किलोची, पण आपली बाळं स्नायूंनी बारीक असली तरी चरबी त्या मानाने राखून होती. सासऱ्यांचं वजन न बघता कमरेचा घेर मोजा, भारतीय पुरुषाला ९० सेंटीमीटरच्या वर गेला तर काळजी घ्यायची.

त्याच गावांमधल्या अभ्यासात गरोदर बायकांमध्ये बी-१२ ची कमतरता प्रचंड सापडली, हेही सगळ्यांना कळायला हवं.

खपली_गहू

आम्ही शुद्ध शाकाहारी. बी-१२ पालेभाजीतून मिळत नाही का?

पोहे_लिंबू_चहा

नाही. वनस्पती बी-१२ बनवतच नाहीत, ते फक्त जिवाणू बनवतात, आपल्याला दूध, अंडी, मासे, मटण यातून मिळतं. शाकाहाऱ्यांना दूध-दही-ताक हाच मुख्य आधार, अर्धा लिटर दूध खरोखर पोटात गेलं तर रोजच्या दोन-अडीच मायक्रोग्रॅमच्या जवळ जाता येतं, पण चहात घातलेलं दोन चमचे दूध त्यात धरू नका. शोषणासाठी जठरातून येणारं इंट्रिन्सिक फॅक्टर नावाचं प्रोटीन लागतं. डायबेटिसची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी रोज घेत असाल तर शोषण कमी होतं, अशांनी पातळी तपासत राहा. आणि फक्त फॉलिक अ‍ॅसिड घेत बसू नका, त्याने रक्त सुधारलेलं दिसतं आणि बी-१२ अभावी नसांचं नुकसान मात्र आत चालूच राहतं, हातापायाला मुंग्या, तोल जाणं, विसरभोळेपणा. म्हातारी माणसं विसरायला लागली की वय झालं म्हणून सोडून देतात, कृपया एकदा बी-१२ बघा.

बाणेर_बालेवाडी

शेंगदाणा तेलाच्या डब्यावर कोलेस्टेरॉल फ्री लिहिलंय, ते घेऊ का? एलडीएल १५२ आहे. आणि युरिक अ‍ॅसिड ७.८, डाळी बंद केल्यात.

मुठाकाठची

@बाणेर_बालेवाडी, वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतंच, कुठल्याच, त्यामुळे त्या शब्दांसाठी जास्त पैसे देऊ नका. रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल शरीर स्वतः बनवतं, स्टॅटिनच्या गोळ्या तेच बनवणारं एन्झाइम अडवतात. एलडीएल म्हणजे ते वाहून नेणारा कण, आणि यकृत तो कण रक्तातून किती जोरात परत उचलतं यावर आकडा ठरतो. सॅच्युरेटेड फॅट जास्त झालं की उचलणं कमी होतं, ट्रान्स फॅट तर सगळ्यात वाईट. २०२२ पासून तेलातुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे, तरी पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलातले भजी-वडे टाळाच. ओट्स, जव, डाळी, इसबगोल यातला विरघळणारा फायबर पित्तातल्या आम्लांना धरून बाहेर नेतो, ती नवीन बनवायला यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं.

डाळी परत सुरू करा. युरिक अ‍ॅसिड प्युरिन (पेशींच्या डीएनएमधले घटक) तुटून बनतं आणि त्यातलं साधारण दोन तृतीयांश आपल्याच पेशींच्या मोडतोडीतून येतं. वरणापेक्षा बिअर, कोल्ड्रिंक आणि बाटलीतला ज्यूस यांचा दोष मोठा, फ्रुक्टोज यकृतात झपाट्याने एटीपी खर्च करतं आणि त्याच्या तुकड्यांचं युरिक अ‍ॅसिड होतं.

हनुमान_टेकडी_सकाळी_सहा

व्हिटॅमिन डी ११ आलं. मी रोज पहाटे टेकडीवर असतो, तरी? आणि केमिस्टने ६० हजारची पाकिटं दिलीत, रोज एक घेऊ का?

डेक्कन_जिमखाना

रोज अजिबात नाही!! ही पाकिटं आठवड्याला एक अशी, ठरावीक आठवडे, तीही डॉक्टरांनी लिहून दिल्यावर. डी चरबीत साठतं, जास्तीचं लगेच लघवीतून निघून जात नाही, प्रमाणाबाहेर गेलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, किडनीला त्रास होतो. अशी केस आमच्या लॅबमध्ये आलेली मी बघितली आहे.

पहाटेच्या उन्हात यूव्हीबी किरण फारच कमी असतात, त्वचेतल्या कोलेस्टेरॉलच्या भावंडापासून डी बनायला तेच लागतात. साधारण दहा ते तीन मधलं ऊन हवं, हातपाय उघडे, आणि काचेतून नाही कारण काच यूव्हीबी अडवते. पाकीट घ्यायचं तर दुपारच्या जेवणानंतर, जेवणात थोडं तेलतूप असेल तेव्हा, चांगलं शोषलं जातं. कॅल्शियमची गोळीही दिली असेल आणि लोहाचीही चालू असेल तर दोन्ही एकदम गिळू नका, मधे दोन तास जाऊ द्या.

हनुमान_टेकडी_सकाळी_सहा

बरं झालं विचारलं, दोन पाकिटं लागोपाठ घेऊन झाली होती. बाकीची बाजूला ठेवली, उद्या डॉक्टरांकडे जातो.

डेक्कन_जिमखाना

जाताना सगळ्या चालू गोळ्या पिशवीत घालून न्या, आणि कॅल्शियम तपासायचं का ते विचारा.